गरोदर बाई घोरते का, हे तिच्या सासूला विचारा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात राहते. गेल्या वर्षी माझी सून पोटुशी होती आणि सातव्या महिन्यापासून घोरायला लागली. त्याआधी कधी घोरत नव्हती. वन रूम किचनमध्ये लपून काही राहत नाही, त्यामुळे चेष्टा मीच सुरू केली, "काल रात्री पारसिकच्या बोगद्यातून मेल गेली गं!" ती हसायची. मग लाजून स्वयंपाकघरात अंथरूण घालायला लागली. बाईमाणसानं घोरायचं म्हणजे आपल्याकडे अब्रूच गेली.

एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा आवाज एकदम बंद झाला. बरं वाटलं. मग लक्षात आलं, श्वासही बंद आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बारा सेकंद मोजले. मग तिनं घुसमटून मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी तिला यातलं काही आठवेना. डोकं मात्र जड, तोंड कोरडं, आणि ठाण्याला वाशी गाडीत बसायला मिळालं की कोपरखैरणे येईपर्यंत शुद्ध नाही. गरोदरपणात झोप येतेच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

तपासणीला वजन, बीपी, रक्त, लघवी सगळं व्हायचं, कार्डावर नीट लिहिलं जायचं. घोरण्याबद्दल कुणी विचारलं नाही. तिला विचारून उपयोगही नव्हता, ती तर झोपलेली असायची. जिला माहीत होतं ती मी, "नातेवाईक बाहेर थांबा" म्हटल्यामुळे दाराबाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसलेली.

आठव्या महिन्यात बीपी 150/100 झालं, भरती करावं लागलं. घोरण्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण तिथं मी श्वास अडण्याचं सांगितल्यावर छातीच्या डॉक्टरांना बोलावलं गेलं, आणि त्यांनी समजावलं. गरोदरपणात नाक आतून सुजतं, वजन वाढतं, गर्भाशय श्वासाचा पडदा वर ढकलतं. झोपेत घसा मिटून श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडतो, आणि असं तासाला पाच किंवा अधिक वेळा झालं तर तो स्लीप अ‍ॅप्निया. अमेरिकेत 3000 हून अधिक पहिलटकरणींच्या झोपेची तपासणी झाली होती. 2017 साली आलेल्या त्या अभ्यासात, ज्यांचा श्वास असा अडत होता त्यांच्यात गरोदरपणातलं बीपी आणि मधुमेह जास्त आढळला. सिझर करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तरी हे आधी कळायला हवं की नको?

साहेब, मागणं मोठं नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर दोन ओळी वाढवा: "घोरता का? झोपेत श्वास अडतो का?" दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी तिच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला दोन मिनिटं आत बोलवा, नवरा असो, आई असो, सासू असो. आशाताई घरी येतात, त्यांनाही हे विचारायला शिकवा. आणि उत्तर "हो" आलं तर बाईला पाठवायचं कुठे, तेही ठरवा. झोपेची तपासणी आता छोटं यंत्र लावून घरीही होते. श्वास मोकळा ठेवणारं सीपॅप मशीन गरोदरपणात वापरता येतं, पण आमच्यासारख्यांना विकत घेणं झेपत नाही. जिल्हा रुग्णालयात चार-पाच मशीन उसनी देण्यासाठी ठेवली तर बाळंतपणानंतर ती परत येतील, पुढच्या बाईला मिळतील. महापालिकेची रुग्णालयं थेट तुमच्या खात्यात येत नाहीत, ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र खुलं लिहिलं, नगरविकासवाल्यांनीही वाचावं.

सुनेला सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दोनेक महिन्यांत घोरणंही थांबलं. तिचं कार्ड कपाटात जपून ठेवलंय, घोरण्याची नोंद त्यात कुठेच नाही.

आपली नम्र,
कळव्यातली एक सासू