स्मरणिका छापण्यापूर्वी मंडळीची जुनी वही उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासद-समूहांत) वर्धापनदिनाची तयारी सुरू होते आणि सोबत स्मरणिकाही निघते. शुभेच्छा, फोटो, जाहिराती आणि मधे कुठेतरी ‘आमच्या मंडळीचा इतिहास’ म्हणून दीड पान. हे दीड पान बहुधा आधीच्या स्मरणिकेवरून उतरवलेले असते, त्यामुळे एकदा पडलेली चूक पुढच्या पन्नास वर्षांत पक्की होऊन बसते. बॅप्टिस्ट, म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे तर जाणत्या वयातच बाप्तिस्मा (पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा) देणाऱ्या पंथाच्या मंडळ्यांच्या बाबतीत ही गोष्ट जास्त गंभीर आहे. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

बॅप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो. पाळक (धर्मगुरू) म्हणून कोणाला बोलवायचे, सभासद कोणाला करून घ्यायचे, जागा घ्यायची की विकायची, हे सगळे सभासदांची सभाच ठरवते. या स्वातंत्र्याची एक किंमत आहे. धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) असलेल्या चर्चमध्ये स्थानिक वही हरवली तरी वरच्या कार्यालयात काही ना काही सापडते. स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळीचा कागद मात्र तिच्याच कपाटात असतो. त्या कपाटाला वाळवी लागली तर मागे फक्त ऐकीव गोष्टी उरतात.

सर्वांत जास्त घोळ स्थापनेच्या सालात होतो. कोनशिलेवरचे साल इमारतीचे असते. मिशनरी गावात आला ते साल मिशनचे. मंडळीचे साल म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनी एकत्र येऊन ‘आम्ही मंडळी म्हणून राहू’ असा करार केला तो दिवस. तो सभेच्या पहिल्या वहीत, बहुधा पहिल्याच पानावर, संस्थापक सभासदांच्या नावांसह असतो. या तीन सालांत दहा-वीस वर्षांचे अंतर सहज असते आणि तिन्ही खरी असतात. स्मरणिकेत तिन्ही वेगवेगळी छापावीत. सर्वांत जुने निवडून तेवढेच ठोकून देऊ नये.

जुने साल गाठण्याच्या नादात काही जण थेट १८२० पर्यंत जातात. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटी आली, हे खरे. पण ती बॅप्टिस्ट नव्हती. धारवाड-हुबळीकडे १८३७ पासून काम करणारी बासेल मिशन बॅप्टिस्ट नव्हती, कोल्हापुरात १८५२ मध्ये सुरू झालेले आणि पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेलेले मिशनही नव्हे, आणि पुढे बेळगावचे लंडन मिशनचे काम ज्यांच्याकडे गेले ते मेथॉडिस्टही नव्हेत. या सगळ्यांकडे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. दुसरे टोक विल्यम कॅरी यांचे. ते बॅप्टिस्ट होते, आणि मराठीवर त्यांचे उपकार मोठे आहेत: १८०५ चे व्याकरण, वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला आणि मोडी टाइपात छापलेला १८१० चा कोश, १८११ चा नवा करार. पण हे सारे बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून झाले. कॅरींचा फोटो जरूर छापा, आपल्या मंडळीची वंशावळ तिथून सुरू करू नका.

आता सभासद-नोंदवही. तिचे रकाने साधारण असे असतात: अनुक्रमांक, नाव, गाव, बाप्तिस्म्याची तारीख व जागा, कोणाच्या हस्ते, कसे दाखल झाले (बाप्तिस्म्याने, दुसऱ्या मंडळीच्या बदलीपत्राने की पुन्हा घेतले), आणि कसे गेले (मृत्यू, बदलीपत्र की नाव कमी). शेवटचा अनुक्रमांक ४१२ म्हणून ‘४१२ सभासद’ लिहिणे ही नेहमीची चूक. तो आकडा पहिल्या दिवसापासून आलेल्या सगळ्यांचा असतो. त्यातून गेलेले वजा करावे लागतात. शिवाय नाव कमी होऊन परत आलेल्याला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे एकच माणूस दोनदा मोजला जातो. लग्न होऊन आलेली बाई माहेरच्या नावाने एकदा आणि सासरच्या नावाने एकदा, हेही सर्रास. पडताळणी नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख जोडीने लावूनच करावी, नुसत्या नावावर जाऊ नये.

बॅप्टिस्टांकडे मुले सभासद नसतात, कारण स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा होतो. म्हणून चाळीस सभासदांच्या मंडळीत रविवारी दीडशे माणसे बसू शकतात. जनगणनेचा आकडा आणि मंडळीचा आकडा जुळत नाही म्हणून कोणी खोटे लिहिले असे समजू नये. याच कारणाने बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वय काढता येत नाही. बालक-समर्पणाची (बाळाला बाप्तिस्मा न देता प्रार्थनेने देवाला अर्पण करण्याच्या विधीची) वेगळी वही असेल तर जन्मतारीख तिथे मिळण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या मिशनमधून आलेल्या माणसाच्या दोन बाप्तिस्म्यांच्या तारखा आढळतील, एक तान्हेपणीची आणि एक पाण्यात बुडवून घेतलेली. त्यातली एक खोडून ‘दुरुस्ती’ करू नका. दोन्ही खऱ्या आहेत, आणि तो माणूस एका मंडळीतून दुसरीत का आला हा इतिहासातला सर्वांत रंजक प्रश्न त्या दोन तारखांच्या मधेच दडलेला असतो.

तारखा वाचताना आणखी एक खाचखळगा आहे. इंग्रज आणि आपले कारकून आधी दिवस लिहीत, अमेरिकन मिशनरी आधी महिना. नोंदीत ७/११ असेल तर तो ७ नोव्हेंबर की ११ जुलै? अशा वेळी जागेचा रकाना पाहावा. जागा नदी असेल, म्हणजे मार्कंडेय, मलप्रभा किंवा हिरण्यकेशी, तर जुलै जवळजवळ बाद होतो. खानापूरकडच्या पावसात त्या दिवसांत पात्रात कोणी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दुसऱ्याला बुडवू शकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कमरेएवढे पाणी मिळवायला डोह शोधावा लागतो. नदीवरचे बाप्तिस्मे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत गोळा झालेले दिसतात ते यामुळे. तारखा एकदम वर्षभर पसरलेल्या दिसू लागल्या की चर्चमध्ये हौद बांधला गेला असावा, असा कयास करून त्या सुमाराची हिशेबवही उघडावी. सहा फूट लांब, चार फूट रुंद हौदात साडेतीन फूट पाणी म्हणजे सुमारे २,३८० लिटर. नळ येण्याआधीच्या काळात एवढे पाणी भरायला पखालवाला किंवा गडी लागणारच, आणि त्याची मजुरी कुठेतरी नोंदलेली असणारच.

हिशेबवहीकडे सहसा कोणी पाहत नाही. खरा इतिहास मात्र तिच्यात असतो, कारण सभेच्या वहीत लोक चांगले दिसण्यासाठी लिहितात आणि हिशेबात तसे करता येत नाही. फक्त आकडे नीट वाचावेत. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे १२ पै. ‘५-८-०’ म्हणजे पाच रुपये आठ आणे. जुन्या पद्धतीत हेच ‘५॥’ असे लिहीत. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. इंग्रजी आकड्यांची सवय असलेला आजचा वाचक ‘५॥’ चे ५११ करतो आणि साडेपाच रुपयांच्या वर्गणीची स्मरणिकेत ‘पाचशे अकरा रुपयांची भरघोस देणगी’ होते!

जुन्या वह्यांची लिपीही एक राहत नाही. मोडी, मग बाळबोध (देवनागरी), मधे एखाद्या मिशनरीचे इंग्रजी, १९५६ नंतर कन्नड, असा प्रवास एकाच वहीत सापडू शकतो. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, म्हणून गावाचे नाव एकट्याने वाचू नये. आसपासच्या गावांची यादी शेजारी ठेवून वाचावे. फिकट शाईत १ आणि ९ चा गोंधळ होतो, तेव्हा मागचीपुढची नोंद पाहिल्याशिवाय साल ठरवू नये. शक लिहिला असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा ७९), फसली (जुने महसुली साल) असेल तर ५९० (जानेवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ५९१). वही कोणत्या भाषेत सुरू झाली यावरून सीमावाद उकरण्याचे कारण नाही. मंडळी दोन्ही भाषांत प्रार्थना करत आली, वही फक्त त्या वेळचा चिटणीस लिहू शके त्या भाषेत लिहिली गेली.

आता या वह्या जपण्याबद्दल. चांगल्या हेतूने केलेले नुकसान वाळवीपेक्षा वाईट असते. पानांचे लॅमिनेशन करू नये. ते उष्णतेने चिकटते, पुन्हा निघत नाही आणि कागद आत पिवळा पडून कुजतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, काही वर्षांत टेप गळते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. गंजलेल्या टाचण्या व पिना ओढून न काढता आधी हलकेच सैल कराव्यात. वही भिजली तर उन्हात ठेवू नका, पाने आकसून वेडीवाकडी होतात. सावलीत, पंख्याखाली, दर आठ-दहा पानांमागे टिपकागद घालून वाळवा आणि टिपकागद बदलत राहा. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून चार-सहा इंच वर असावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतच ओल सोडते. वही धुतलेल्या सुती कापडात बांधावी (जुने लोक बासनात बांधत ते उगाच नव्हे) आणि शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत.

फोटो काढायला महागडे यंत्र लागत नाही. खिडकीजवळ टेबल, फ्लॅश बंद, मोबाइल पानाच्या बरोबर वर, कडेला पट्टी. आधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालावा, पेनाने मुळीच नाही. कोरी पानेही घ्यावीत, नाहीतर पुढे कोणी म्हणेल की पान गाळले. एकाने पान उलटायचे, दुसऱ्याने टिपायचे, असे केले तर तासाला शंभरेक पाने होतात. एक प्रत मंडळीत, एक दुसऱ्या गावात. दोन्ही एकाच इमारतीत ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे.

कबरस्तानातल्या शिळांवर अक्षरे दिसावीत म्हणून चुना किंवा ऑइलपेंट फासतात, तेही थांबवावे. जांभा सच्छिद्र असतो. रंगाखाली पाणी अडकते आणि वरचा थर अक्षरांसकट सुटून येतो. सकाळी सूर्य तिरका असताना, किंवा आरशाने बाजूने उजेड पाडून, पुसट अक्षरेही वाचता येतात.

वही आधीच गेली असेल तरी सगळे संपत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे परवानाधारक पाळकाने लावलेल्या लग्नाची नोंद दोन ठिकाणी होते. वहीला जोडलेला दाखला फाडून महिन्याच्या आत जिल्ह्याच्या विवाह-निबंधकाकडे पाठवायचा असतो. म्हणजे लग्नांची एक बाजू सरकारकडे आहे. १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुना सरकारी पत्रव्यवहार बंगळुरूऐवजी मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावा. आता बेळगाव शहराचाच भाग असलेल्या शहापूरची गोष्ट निराळी. ते १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, तिथल्या जागेचे जुने कागद ब्रिटिश बेळगावच्या दप्तरात सापडत नाहीत म्हणून जागाच नव्हती असा निष्कर्ष काढू नये. १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरमध्ये त्या काळच्या ख्रिस्ती वस्तीची माहिती आहे, ती एकदा वाचावी. इंग्लंडच्या बॅप्टिस्ट मिशनचे कागद ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात, लंडन मिशनचे लंडन विद्यापीठाच्या सोआस ग्रंथालयात, अमेरिकन बॅप्टिस्टांचे अटलांटात आहेत. ईमेल करताना गावाच्या नावाची जुनी इंग्रजी स्पेलिंगेही कळवावीत, नाहीतर ‘काही नाही’ असे उत्तर येते.

छापताना एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. सभेच्या वहीत शिस्तीच्या कारवाया असतात: कोणाला दारूवरून, कोणाला भांडणावरून प्रभुभोजनापासून (भाकर व द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर ठेवले. नातवंडे त्याच बाकांवर बसतात, ती नावे छापू नयेत. पण पहिल्या पिढीचे लोक कोणत्या वाड्यांतून आले, गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिले की नाही, हे नावे न घेता सांगता येते आणि सांगितलेच पाहिजे. स्मरणिकांत नेमके तेच गाळलेले असते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात मोडी वाचू शकणारे ज्येष्ठ अजून आहेत. त्यांच्या संमतीने, तालुकावार, एक छोटी यादी आपण प्रसिद्ध केली तर स्मरणिकांच्या हंगामाआधी बऱ्याच वह्या वाचून होतील.

कळावे,
एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव