ताई, त्या 'परवा'साठी आभार

आदरणीय ताई,

चवथीच्या गडबडीत तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. पणजीहून कदंबाच्या बसने साखळीला आलात, आईचा मोबाईल हातात घेऊन दुपारभर ओट्यावर बसलात आणि चहाशिवाय काही घेतलं नाहीत. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. घरगुती धंद्यासाठी बॉट, म्हणजे गिऱ्हाइकांच्या मेसेजना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, चालवणारी माझ्यासारखी बरीच मुलं आहेत, त्यांच्याही कामी येईल.

२०२५ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. आईच्या स्वयंसहाय्य गटाकडे नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ऑर्डरी आठवडाभर आधीपासून यायला लागल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने लिहिलं, 'परवा पन्नास नेवऱ्या न्यायला येतो.' माझ्या बॉटला वाटलं, होऊन गेलेली गोष्ट. त्याने तक्रार नोंदवायची का म्हणून विचारलं! मी घाईघाईने ते दुरुस्त केलं, तर 'परवा नेलेल्या नेवऱ्या खुसखुशीत होत्या' म्हणणाऱ्या मावशींच्या नावावर नवी ऑर्डर चढली. आपल्या भाषेत 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण प्रत्येक बदलानंतर मी स्वतःच चार-पाच वाक्यं टाइप करून बघायचो, आणि तीही नेहमीची, सरळ. आईचा चेहरा उतरलेला बघवत नव्हता.

तुम्ही म्हणालात, 'आधी कोडला हात लावू नकोस. लोक काय लिहितात ते दाखव.' मग बॉटची उत्तरं तपासणारं बॉटियम बसवून दिलंत. जावास्क्रिप्टमधली ही लायब्ररी मी नुसती ऐकून होतो. संवाद साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायचा: वर नाव, खाली '#me' आणि आपलं वाक्य, मग '#bot' आणि अपेक्षित उत्तर. ते 'me' इंग्रजीतलं, पण अर्थ आपल्या 'मी'चाच. आईला ते बघताक्षणी कळलं. एकच गोष्ट विचारायच्या दहा तऱ्हा अटरन्सेसच्या, म्हणजे बोलण्याच्या तऱ्हांच्या, फाइलीत एकाखाली एक लिहिल्या की प्रत्येक तऱ्हेने तोच संवाद आपोआप तपासला जातो.

एका जागी मी अडलो होतो. ऑर्डर क्रमांक दर वेळी नवा, म्हणून चाचणी दर वेळी नापास. तुम्ही बॉटियमची स्क्रिप्टिंग मेमरी, म्हणजे उत्तरातली गोष्ट लक्षात ठेवायची सोय, चालू केलीत, क्रमांकाच्या जागी डॉलरचं चिन्ह लावून एक नाव लिहिलंत, आणि पुढच्या प्रश्नात तोच क्रमांक वापरून दाखवलात. दोन मिनिटांचं काम, माझी अख्खी रात्र त्यात गेली होती. मग सगळं मोकावर, म्हणजे चाचण्या चालवून निकाल दाखवणाऱ्या साधनावर, चालवलं. दोन्ही 'परवा' पहिल्यांदा लाल, म्हणजे नापास, आले, आणि तुम्ही खूश झालात! आता दुरुस्ती खरी झाली की नाही ते कळेल, म्हणालात. तिन्हीसांजेला दोन्ही हिरवे झाले तेव्हा आईने देवापुढे वात लावली होती.

त्यानंतर चवथीपर्यंत एकही ऑर्डर चुकली नाही. बदल केला की आधी चाचण्या, मगच बॉट चालू, ही सवय तुम्ही लावलीत.

काल आई आपणहून म्हणाली, 'अरे, लोक नेवऱ्यो असंही लिहितात.' ती ओळ फाइलीत घातली आणि चालवली. लाल आली. आज रात्री बसतोय.

तुमचा,
साखळीचा धाकटा भाऊ