छोट्याच्या बुटांबद्दल

इन्सब्रुक,
१२ डिसेंबर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार, छोट्यास अनेक आशीर्वाद.

छोट्या, तू पाठवलेले स्कीच्या (बर्फावरून घसरायला पायाला लावायच्या लांब पट्ट्यांच्या) बुटांचे फोटो नीट पाहिले. पुण्याच्या मित्राच्या काकांचे, बरीच वर्षं माळ्यावर पडलेले, स्वस्तात मिळताहेत, थोडे मोठे आहेत पण दोन जाडे मोजे घातले की बसतील, असं तू लिहिलंस. घेऊ नकोस. फेब्रुवारीत तू इथे येशील तेव्हाचे दिवस कसे जातील ते स्कीपेक्षा बुटांवर ठरणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुट्टीच्या दिवशी भाड्याने स्की देणाऱ्या दुकानात काम करताना मी माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचे पायच जास्त पाहते.

आधी त्या जुन्या बुटांचं. बाहेरून ते टणक दिसतात, पण बहुतेक बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की ते आतून कमजोर होतं. वापर नसला तरीही होतं. असं कवच उतारावर पाय दाबताना अचानक तडकू शकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यांत माळ्यावर राहिलेल्या बुटात मी तुला पाय घालू देणार नाही.

आता नंबर. पन्हाळा ते पावनखिंड चालताना तू बूट मुद्दाम अर्धा नंबर मोठे घेतले होतेस. तिथे ते बरोबरच होतं, उतरताना बोटं पुढे आदळत नाहीत. स्कीच्या बुटाचं मात्र उलटं आहे. स्की वळते ती नडगीने बुटाच्या जिभेवर दिलेल्या दाबाने. पाय आत हलला की तो दाब स्कीपर्यंत पोचतच नाही. मग माणूस काय करतो? बकलं आवळत सुटतो. पायाच्या वरच्या भागावरून रक्त पुढे जाईना की बोटं गार पडतात. थंडी वाजते म्हणून आणखी एक मोजा चढवतो, आणि जागा आणखी कमी होते. पाय गारठले म्हणून दुकानात परत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही एक नंबर लहान बूट देतो. नव्या माणसाला ते पटवताना फार बोलावं लागतं.

इथे नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्याला माँडोपॉइंट म्हणतात. पाऊल २६.५ सेंटिमीटर, तर बूट २६.५. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ यांचं बाहेरचं कवच एकच असतं, फरक आतल्या तळव्याचा किंवा लायनरचा, म्हणजे कवचाच्या आतल्या मऊ बुटाचा. म्हणून अर्ध्या नंबरावर वेळ घालवण्यापेक्षा कवच तपासावं. लायनर काढून घ्यायचा, रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचं. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं, उरली तर ठीक. त्याहून जास्त उरली तर बूट मोठा. शर्यतीत उतरणारे एक सेंटिमीटरसुद्धा ठेवत नाहीत.

लायनर परत घालून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकलाच पाहिजे. इथेच सगळे घाबरून मोठा नंबर मागतात. मी त्यांना बकलं लावून गुडघे पुढे वाकवायला सांगते. टाच मागच्या खोबणीत सरकते, बोटं सुटी होतात आणि चेहरा निवळतो. तसंच पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं. पाय सगळीकडून घट्ट धरलेला असावा, पण एका ठिकाणी टोचत असेल किंवा मुंग्या येत असतील तर तो बूट आपला नव्हे. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता की नवी कोल्हापुरी आधी चावते, मग पायाची होते. इथे तेवढं नातं लायनरशी जुळतं, वापरून तो दबतो आणि सैलावतो, पण प्लॅस्टिकचं कवच आपणहून तसूभरही वाढत नाही. जिथे हाड टेकतं तिथे कारागीर ते तापवून बाहेर ढकलतात.

आपल्या घरात सगळ्यांचे पंजे रुंद, म्हणून छोट्या, तुझ्यासाठी लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. बुटावर ९८, १००, १०२ असे मिलिमीटरचे आकडे असतात, ती पंज्याची रुंदी. हा आकडा साधारण २६.५ नंबरच्या बुटावरून सांगतात, लहान-मोठ्या नंबरांत तो बदलतो. तुला १०२ च्या आसपासचा पाहू. पंजा रुंद म्हणून लांब बूट घेण्यात अर्थ नाही, त्यात टाच उचलली जाते. तिसरा आकडा कडकपणाचा. १३० म्हणजे पटाईत माणसाचा, तुला ८० ते ९० पुरे. सगळ्या कंपन्यांचं माप एक नाही, एकीचा १०० दुसरीच्या ९० सारखा वाटू शकतो. शिवाय थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, दुकानात सहज वाकणारा बूट बर्फावर तसा वाकत नाही.

आई, तुला पाय मोडण्याची भीती वाटते. पूर्वी चामड्याचे, नाडीचे बूट होते. साठच्या दशकात प्लॅस्टिकचे आले, पुढे ते उंच झाले, आणि बूट स्कीला अडकवून ठेवणारी, पण ठरावीक जोर पडला की तो सोडून देणारी बाइंडिंग सुधारली. त्यामुळे घोटा आणि नडगी मोडण्याचं प्रमाण खूप घटलं. गुडघ्याचा धोका मात्र उरला आहे, तो लपवत नाही. बाइंडिंगचा जोर वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावतात. छोट्याचं ते काम मी आमच्या अनुभवी कारागिरांकडूनच करून घेईन, आणि पहिले दिवस तो मुटरर आल्मच्या सोप्या उतारांवर शिक्षकाबरोबर असेल. पाट्शरकोफेल डोंगराच्या ज्या उतारावर १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्झ क्लामर हा स्कीपटू जिंकला, तो त्याला खालूनच दाखवेन.

बाबा, खर्चाचं म्हणाल तर नवा बरा जोड काही शे युरोंना जातो. एका आठवड्यासाठी विकत घेणं मला पटत नाही. भाड्याने घेऊ, नाही बसला तर दुसऱ्या दिवशी बदलता येतो. पुढे त्याला स्कीची गोडी लागली तर पैसे आधी बुटांवर घालू, स्की भाड्याच्या चालतील.

छोट्या, आता एवढं कर. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभा राहा. वजन दोन्ही पायांवर सारखं ठेव. आईला पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायला सांग, मग पंज्याची सगळ्यात रुंद जागा. दोन्ही पाय मोज, थोडा फरक निघतोच. सोबत वजन आणि उंची कळव. मोजे विकत घेऊ नकोस, गुडघ्यापर्यंतचे पातळ लोकरी मोजे मी इथे घेऊन ठेवते. निघण्याआधी पायाची नखं आखूड काप.

तुमची,
ताई