आजचा हप्ता छापता, ऐंशीव्या वर्षीचा का नाही?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

निवृत्तांनी आरोग्य विमा कसा निवडावा, याविषयी आपल्या अर्थविषयक पानावर अधूनमधून मार्गदर्शन येत असते आणि त्याच्या जोडीला निरनिराळ्या पॉलिसींची तुलना करणारा तक्ताही असतो. त्या तक्त्यात विम्याची रक्कम आणि निवृत्तीच्या वयाला भरावा लागणारा वार्षिक हप्ता, हे दोन रकाने ठळक असतात. विम्याच्या दावे विभागात नोकरी करून निवृत्त झालेला वाचक म्हणून मला वाटते की, ज्या गोष्टी पाहून निवृत्ताने निर्णय घ्यायला हवा, नेमक्या त्याच या दोन रकान्यांत सापडत नाहीत.

पहिला प्रश्न हप्त्याचा. नोकरीत असताना हप्ता वाढला तरी पगारही वाढत असतो, त्यामुळे ती वाढ फारशी बोचत नाही. निवृत्तीनंतर उत्पन्न जवळजवळ ठरून जाते आणि हप्ता मात्र एकाच वेळी दोन कारणांनी वाढत राहतो : विमेदाराचे वय वरच्या टप्प्यात गेले म्हणून, आणि उपचारांचा खर्च सर्वांसाठीच वाढला म्हणून. समजा, आज वर्षाचा हप्ता एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाइतका आहे. तो दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढला आणि निवृत्तिवेतन चार टक्क्यांनी वाढले, तर वीस वर्षांनी तोच हप्ता तीन महिन्यांचे निवृत्तिवेतन खाईल. पती-पत्नी दोघांचे वेगळे हप्ते असतील, तर वर्षाचे सहा महिने त्यातच गेले. हे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. ज्याने त्याने स्वतःच्या कंपनीचे मागील काही वर्षांचे दर मिळवून हाच गुणाकार करून पाहावा.

हप्ता झेपेनासा झाला म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पॉलिसी सोडून देणारी माणसे मी कामाच्या निमित्ताने पाहिली आहेत. तोवर भरलेले सगळे पैसे तर गेलेलेच असतात, पण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) पूर्ण करून मिळवलेला हक्कही त्याच दिवशी संपतो, आणि त्या वयात नवी पॉलिसी मिळाली तर ती जाचक अटींसह मिळते. यामागे कंपन्यांची लबाडी असते असे नेहमीच म्हणता येत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात हाच प्रश्न घेतला होता : पासष्टी ओलांडलेल्यांना आरोग्य विमा मिळणे इतके अवघड का, आणि हप्ता वाढवून तो प्रश्न का सुटत नाही? हप्ता वाढवला की धडधाकट माणसे आधी बाहेर पडतात, मागे आजारी माणसे जास्त उरतात, सरासरी दावा वाढतो आणि हप्ता पुन्हा वाढवावा लागतो. म्हणूनच अनेक देशांत सरकारला यात उतरावे लागले. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ च्या कायद्याने आली, ती याच अडचणीतून.

तेव्हा आज परवडणारे सर्वांत मोठे छत्र घेण्यापेक्षा, वयाच्या पंचाऐंशीपर्यंत चालू ठेवता येईल असे छत्र शोधणे शहाणपणाचे आहे. मग हप्ता आटोक्यात ठेवायचा तर काय सोडावे? माझे उत्तर असे की लहान खर्च आपल्या अंगावर घ्यावेत आणि मोठे खर्च कंपनीवर टाकावेत. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञांनी १९६३ सालीच मांडले होते की, हप्त्यात कंपनीचा स्वतःचा खर्च मिसळलेला असताना, ठरावीक रकमेपर्यंतचा भार विमेदाराने उचलावा आणि त्यापुढचा सगळा विम्याने उचलावा, हीच रचना विमेदाराच्या सर्वाधिक फायद्याची ठरते. निवृत्त मंडळी मात्र बहुधा उलटे करतात. मोफत तपासणी, चष्म्याचे पैसे, डॉक्टरांच्या फीचा परतावा अशा सवलती पाहून पॉलिसी निवडली जाते आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चावर किती मर्यादा घातली आहे, हे वाचायचे राहून जाते. चष्म्याच्या खर्चाने कोणाचे घर बुडत नाही.

येथे डिडक्टिबल आणि को-पे यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो, कारण विक्रेते दोन्ही गोष्टी ‘हप्ता कमी करण्याचे उपाय’ म्हणून एकाच सुरात सांगतात. डिडक्टिबल म्हणजे विम्याने द्यायला लागण्याआधी आपण भरायची ठरावीक रक्कम; आपला वाटा तिथेच थांबतो. को-पे म्हणजे बिलातला आपला ठरावीक टक्का; तो बिलाबरोबर वाढत जातो. वीस टक्के को-पे असेल आणि त्याला वरची मर्यादा नसेल, तर आजार जितका गंभीर तितका आपला भार मोठा. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने हजारो लोकांना वेगवेगळ्या वाट्याच्या योजना देऊन मोठा प्रयोग केला होता. पदरचे पैसे भरावे लागतात म्हटल्यावर लोकांनी उपचार कमी घेतले, पण कमी करताना गरजेचे आणि बिनगरजेचे असा भेद त्यांना नीटसा करता आला नाही, आणि गरीब रक्तदाबाच्या रुग्णांचा रक्तदाब मोफत उपचारांच्या योजनेत अधिक ताब्यात राहिला. त्या प्रयोगात वृद्धांचा समावेश नव्हता, हे खरे. तरीही रोजच्या गोळ्यांवर जगणाऱ्या माणसाने त्यातून काय घ्यायचे, ते उघड आहे. डिडक्टिबल स्वीकारायचे तर तेवढी रक्कम वेगळी बाजूला ठेवूनच, नाहीतर ती वाचवण्यासाठी माणूस दवाखान्याची पायरीच चढत नाही.

अटींच्या बारीक अक्षरांत आणखी दोन जागा अशा आहेत की, जिथे विमा असूनही विमेदार रडवेला होतो. एक खोलीभाड्याची मर्यादा. पुष्कळांना वाटते की, महागडी खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक आपण भरायचा. पण प्रमाणशीर कपातीची अट असलेल्या पॉलिसीत, मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा इतर रकमाही निम्म्याच मिळू शकतात. दुसरी जागा टॉप-अपची, म्हणजे ठरावीक डिडक्टिबलच्या वरचा खर्च उचलणाऱ्या जोड-पॉलिसीची. डिडक्टिबल १०० धरा आणि एका वर्षात ८०-८० खर्चाची दोन आजारपणे आली असे समजा. साधा टॉप-अप प्रत्येक दावा सुटा मोजतो, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो आणि ६० देतो. दोघांच्या नावात एका शब्दाचा फरक आहे आणि उतारवयात एकाच वर्षी दोनदा रुग्णालयात जावे लागणे मुळीच दुर्मीळ नाही.

वेळेबद्दल थोडक्यात लिहितो. मालकाकडून मिळणारा गट विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी त्याआधीच सुरू झालेली असावी, म्हणजे प्रतीक्षा काळातला काही भाग नोकरीतच सरतो. उशिराची किंमत काही देशांनी कायद्यातच लिहून ठेवली आहे : ऑस्ट्रेलियात तिशीनंतर खासगी रुग्णालय विमा घ्यायला झालेल्या उशिराच्या प्रत्येक वर्षामागे हप्त्यावर दोन टक्के अधिभार बसतो, तर अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या ब भागात (डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चांसाठीच्या) मुदतीनंतरच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के. आणि अर्जात मधुमेह लपवू नये. ‘सांगितले तर हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारा एजंट दावा फेटाळला जाताना शेजारी उभा नसतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही चांगल्या पॉलिसीकडून मागू नये, ती म्हणजे दीर्घकाळची शुश्रूषा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणारा मदतनीस रुग्णालयाच्या विम्यात सहसा बसत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये त्यासाठी स्वतंत्र विमा उभारला, तो याच कारणाने. जिथे अशी सोय नाही, तिथे हप्त्यांवर सगळी पुंजी लावण्यापेक्षा काही रक्कम या खर्चासाठी राखून ठेवणे मला अधिक रास्त वाटते, मग विम्याचे छत्र थोडे लहान झाले तरी चालेल.

आपल्याकडे विनंती एवढीच की, पुढील तुलनात्मक तक्त्यात त्याच पॉलिसीचा सत्तर, पंचाहत्तर आणि ऐंशी या वयांचा आजच्या दराने होणारा हप्ता, को-पेला वरची मर्यादा आहे की नाही, खोलीभाड्याची अट आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, हे रकाने जोडावेत. ही माहिती दरपत्रकात आणि अटींच्या मसुद्यात असते. जागा कमी पडत असेल, तर पॉलिसींची संख्या निम्मी करावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाचक