फ्रेशर्स घ्या, पण त्यांना आधी शिकवायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की पेपरात खासगी शाळांच्या जाहिराती सुरू होतात, शिक्षक पाहिजेत, फ्रेशर्स चालतील. नुकतीच डिग्री घेतलेली मुलं शाळेत यावीत असं मलाही मनापासून वाटतं, पण पुढे त्यांचं काय होतं ते मी स्टाफरूममध्ये बसून वर्षानुवर्षं बघितलंय. जूनमध्ये बी.एस्सी. झालेली मुलगी येते आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या गळ्यात पूर्ण टाइमटेबल, एक वर्ग, वर बदली तास, गॅदरिंगची तयारी, पेपर तपासणी सगळं पडतं. तिचा तास बघायला मागच्या बाकावर कोणी येऊन बसत नाही, आणि तिला दुसऱ्याचा तास बघावासा वाटला तरी ऑफ तास उरलेलाच नसतो. दिवाळीपर्यंत आवाज बसतो, मार्च संपला की ती बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते. विषय उत्तम येणारी पोरं आपण अशी घालवतोय.

अमेरिकेतल्या इंडिपेंडंट स्कूल्स, म्हणजे सरकारी अनुदानावर न चालता स्वतःच्या विश्वस्तांच्या कारभारावर आणि फीवर चालणाऱ्या शाळा, हेच काम कसं करतात ते बघण्यासारखं आहे. तिथल्या बऱ्याच शाळांत ताज्या ग्रॅज्युएट्ससाठी एक-दोन वर्षांची टीचिंग फेलोशिप असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 2012 मध्ये काही बोर्डिंग शाळांना बरोबर घेऊन असा दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला, डीअरफील्ड, हॉचकिस, लॉरेन्सव्हिल अशा जुन्या नावाजलेल्या शाळा त्यात आल्या. फेलोला पूर्ण शिक्षकापेक्षा कमी तास देतात, त्याच विषयाचा एक अनुभवी शिक्षक त्याचा मेंटॉर असतो, तो याचे तास बघतो, हा त्याचे बघतो, मग दोघं बसून बोलतात, आणि शाळेत शिकवता शिकवताच विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली मास्टर्स डिग्रीही पूर्ण होते. बोर्डिंग शाळा असल्याने राहणं-जेवण शाळेतच.

शेजारी बसून बघितल्याशिवाय काही गोष्टी येतच नाहीत हो. अमेरिकेतल्याच एक्सेटरच्या बोर्डिंग शाळेला 1930 मध्ये एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली त्यातून तिथे एका लंबगोल टेबलाभोवती बारा-तेरा मुलं आणि शिक्षक अशी शिकवायची पद्धत आली, फळ्यासमोर उभं राहून बोलायचं नाही, मुलांनाच बोलतं करायचं. आता ही गोष्ट पुस्तक वाचून कोणाला जमेल? कुठे गप्प बसायचं, कोणत्या मुलाला कधी विचारायचं, हे मुरलेल्या माणसाला बघूनच कळतं. आपल्याकडे साठ मुलांचा वर्ग सांभाळणं तर त्याहून अवघड, आणि तिथे आपण नवख्या मुलीला एकटीला सोडतो.

तिकडेही सगळं छान आहे असं नाही. बोर्डिंग शाळेत फेलोला शिकवण्याबरोबर संध्याकाळी खेळाचं कोचिंग आणि रात्री हॉस्टेलची ड्युटी असते, त्यात जीव दमतो. शिवाय त्या शाळांची वर्षाची फी 70 हजार डॉलरच्या वर, त्यांना हे परवडतं असं कोणीही म्हणेल. पण कमी तास देणं, एक मेंटॉर ठेवणं याला काही कोटी लागत नाहीत, एखादा फेलो तर आपल्याकडच्या मोठ्या फीच्या शाळांना नक्की परवडेल, त्यांच्या स्विमिंग पूलच्या जाहिराती आपण बघतोच.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. तिकडे खासगी शाळेत शिकवायला बहुतेक ठिकाणी सरकारी लायसन्स लागत नाही, आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीला ठरावीक पात्रता सक्तीची आहे, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आपला फेलो वर्गाचा मालक नको, तो वर्गातला दुसरा माणूस हवा. बी.एड.च्या आधीचं एक वर्ष असं धरा. बी.एड. आता दोन वर्षांचं, त्यात शाळेतली इंटर्नशिप 20 आठवड्यांची, म्हणजे शिकवणं आपल्याला आवडतं की नाही हे कळायच्या आधीच मुलाला दोन वर्षं आणि फी घालावी लागते, फिजिक्स छान येणारा मुलगा तिथेच मागे फिरतो. पुण्या-मुंबईत 2009 पासून टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची फेलोशिप आहे, तिला चांगली मुलं येतात म्हणजे इच्छा आहेच, पण ती मनपाच्या आणि कमी फीच्या शाळांसाठी. स्वयंअर्थसहाय्यित शाळांनी स्वतःच्या पैशातून स्वतःच्या शाळेत नवे शिक्षक का घडवू नयेत?

संस्थाचालकांना माझी विनंती एवढीच की येत्या जूनला निदान एकेक फेलो घ्या आणि त्याच्या नेमणूकपत्रात तीन गोष्टी लिहून द्या, आठवड्याला किती तास, मेंटॉर कोण, आणि मानधन किती. राज्य सरकारने शिक्षणसेवकांचं, म्हणजे सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकांचं, महिन्याचं मानधन 2023 मध्ये प्राथमिकला 6 हजारांवरून 16 हजार केलं, निदान त्याच्या खाली तरी जाऊ नका. आणि मेंटॉरचे दोन तास टाइमटेबलमधून खरोखर काढून टाका, नाहीतर तो बिचारा बदली तासालाच जाईल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नाशिक