परिवहन मंत्रीसाहेब, सायकलवाल्यांचे नियम लिहिण्याआधी एवढं वाचा

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

७ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१ए) खाली पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी, म्हणजे सायकल, हातगाडी वगैरेंसाठी, सहा महिन्यांत नियम करा. महाराष्ट्राचे नियम तुमच्या खात्यातून निघणार म्हणून हे पत्र तुम्हाला. मी पुण्यात राहतो, ऑफिसला सायकलने जातो, घरी कारपण आहे आणि तीही चालवतो, त्यामुळे रस्त्यावरच्या या भांडणात दोन्ही बाजूंच्या शिव्या मला माहिती आहेत. बातमी वाचून आधी खूप बरं वाटलं, मग कलम नीट वाचलं आणि धाकधूक सुरू झाली, कारण या कलमाखाली सायकलवाल्याला संरक्षण देता येतं तसंच त्याला रस्त्यावरून हटवताही येतं. राज्य काय निवडेल त्यावर आहे सगळं.

आणि हटवायचं हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकल बंद केली होती, ट्रॅफिक अडतो म्हणून. मोठ्या रस्त्यांवरून गेले ते बाहेर, आणि बाहेर गेले म्हणजे कोण तर दूधवाले, पेपरवाले, बिगारी, दुकानात काम करणारी पोरं. त्यांनी काय करायचं, तर गल्लीबोळातून वळसा घालायचा नाहीतर दंड भरायचा. आपल्याकडेही ट्रॅफिकच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हीच आयडिया मांडणार याची मला खात्री आहे, कारण सोपी आहे, एक बोर्ड लावला की झालं. म्हणून माझं मागणं एकच आहे, नियम लिहाल तेव्हा जबाबदारीचा भार जड आणि वेगवान गाडीवर टाका, हलक्यावर नको.

भांडण नेमकं कशावरून होतं ते सांगतो. कर्वे रोड घ्या, सिंहगड रोड घ्या, नगर रोड घ्या, मागून हॉर्न वाजायला लागतो आणि मग काच खाली करून "ए, कडेला घे की!" आता गाडीतून कड दिसते तशी ती नसते हो. डांबराचे थर एकावर एक चढवून कडेला चांगली वीतभर पायरी झालेली असते, चेंबरची झाकणं खड्ड्यात गेलेली नाहीतर वर आलेली, जाळीच्या पट्ट्या चाकाच्याच दिशेने बसवलेल्या, त्यात बारीक खडी, पावसाळ्यात चिखल, आणि एवढ्यातून सुटलात तर पुढे पार्क केलेल्या गाड्यांची रांग, ज्यातलं कुठलं दार कधी उघडेल सांगता येत नाही. आमच्या ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्या काकांना असंच एका कारचं दार लागलं, मनगट मोडलं, ड्युटी बुडली ती वेगळीच, आणि कारवाला वर त्यांनाच म्हणाला, "बघून चालवता येत नाही का?" सायकलवाला कडेपासून थोडा आत चालवतो तो तुम्हाला अडवायला नाही, पडू नये म्हणून.

आता जागेचा हिशोब बघा, हा मी खूप जणांना सांगतो. आपल्याकडे लेन धरतात साडेतीन मीटरची. सायकलवाला कडेपासून अर्धा मीटर आत आहे, त्याचं हँडल आणि कोपर धरून आणखी पाऊण मीटर जातं, कार जवळपास पावणेदोन मीटर रुंद. उरलं किती? अर्धा मीटर. म्हणजे त्याच लेनमधून सायकलला ओव्हरटेक करायचं ठरवलं तर कार त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावरून जाणार, आणि सायकल कधीच सरळ रेषेत चालत नाही, खड्डा आला, वारा आला, चढ आला की ती इकडेतिकडे होतेच. ट्रक किंवा बस असेल तर हवेच्या झोतानेच माणूस हलतो. आमच्या भाषेत याला कट मारणं म्हणतात. मारणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो, तो आपला पुढे निघून गेलेला असतो आणि इकडे हँडल धरलेल्या माणसाचे हात कापत असतात. बऱ्याच ड्रायव्हरच्या मनात वाईट काही नसतं हे मी कार चालवतो म्हणून सांगू शकतो, पण किती अंतर सोडायचं हे त्यांना कोणी कधी शिकवलेलंच नाही. जर्मनीत शहरात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर सोडावं लागतं आणि शहराबाहेर दोन मीटर. ब्रिटनने २०२२ मध्ये त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, दीड मीटर लिहिलं आणि त्याबरोबर हेही लिहिलं की ज्याच्या गाडीने जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. आपल्याकडे दीड मीटर हा आकडा साध्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरालाही माहिती नाही. हा आकडा नियमात आणा. तो राज्याच्या अधिकारात बसत नाही असं तुमचा विधी विभाग म्हणाला तर केंद्राकडे लेखी मागणी करा, आणि तोवर निदान आरटीओच्या परीक्षेत आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला सुरुवात करा.

एसटी तर तुमच्याच खात्यात आहे. एसटीच्या ड्रायव्हरबद्दल मला मनापासून आदर आहे, घाटात रात्रीअपरात्री ते ज्या रस्त्यांवरून गाडी काढतात ते आपल्याला जमणार नाही. पण ट्रेनिंगमध्ये एकदा त्यांना उभ्या सायकलवर बसवा आणि शेजारून बस जाऊ द्या, आधी हातभर अंतराने आणि मग दीड मीटरने. सुरक्षितपणे, मैदानात. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त लक्षात राहील.

गाडीवाल्यांच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. सिग्नल तोडणारे सायकलवाले आहेत, राँग साइडने येणारे आहेत, रात्री लाइट नाही रिफ्लेक्टर नाही असे तर खूप आहेत, आणि रविवारी सकाळी ग्रुपने जाताना तीन-तीन जण शेजारी गप्पा मारत चालवतात तेही चूक आहे, मी त्यांना तोंडावर सांगतो. यासाठी नियम करा की, जरूर करा. फक्त तो करताना डोळ्यासमोर कोण आहे ते बघा. भोसरी-चाकणला शिफ्ट सुटल्यावर जो माणूस जुनी काळी सायकल मारत अंधारात घरी निघतो त्याला दंडाची पावती फाडून रस्ता सुरक्षित होणार नाही, त्याच्या सायकलला मागे लाल लाइट आणि रिफ्लेक्टरची पट्टी लावून दिली तर होईल. हेल्मेट सक्तीचंही तसंच. मी स्वतः घालतो, सगळ्यांनी घालावं असं वाटतं, पण सक्ती केली तर तो माणूस सायकल सोडेल किंवा पोलिसाला टाळायला आडवाटेने जाईल, आणि मागून कट मारणाऱ्या डंपरचा वेग काही त्याने कमी होत नाही.

वेगावरून आठवलं. केंद्राने २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीत कारला ताशी ७० पर्यंत मुभा दिली होती. सत्तर! आणि त्याच रस्त्यावर शाळेची पोरं सायकलवर. राज्याला कलम ११२ खाली हा वेग कमी करता येतो, त्यासाठी दिल्लीला विचारायचीही गरज नाही. शाळा, बाजार, दवाखाने आणि जिथे सायकलला वेगळी जागाच नाही असे रस्ते, इथे ३० करा. तीसने धडक बसली तर माणूस बहुतेक वाचतो, पन्नासच्या पुढे तो भरवसा राहत नाही.

शाळेच्या पोरांचं म्हणालो, त्यात मुलींचं वेगळं सांगायला हवं. मानव विकास कार्यक्रमात आपलंच सरकार १२५ तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे देतं. फार चांगली योजना आहे, त्या सायकलीमुळे शाळा सुटली नाही अशा मुली गावागावात भेटतील. पण ती मुलगी ज्या रस्त्याने शाळेत जाते तो आता रुंद झाला, गुळगुळीत झाला, त्यावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि ऐंशीने कार जातात आणि कडेला मातीची साइडपट्टीसुद्धा धड राहिलेली नाही. एका खात्याने सायकल द्यायची आणि दुसऱ्याच्या रस्त्यावर तिला जागाच नाही, हे तुम्ही बोलून सोडवू शकता. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरातल्या जवळपास ४५ घरांत सायकल होती आणि कार पाचांकडेही नव्हती. त्यानंतर गाड्या खूप वाढल्या, मान्य. पण सायकलवाला म्हणजे महागडी सायकल घेऊन सकाळी फिरायला निघणारा हौशी माणूस हे चित्र तेव्हाही खरं नव्हतं आणि आजही नाही.

"रोड टॅक्स भरतोस का?" हेही ऐकतो आम्ही. शहरातले रस्ते घरपट्टीतून आणि सरकारी पैशातून होतात, तो पैसा सायकलवालाही भरतो. यावर एवढंच.

पुण्याचं थोडं सांगू द्या, हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरच्या वरचं जाळं होतं त्यात. जे थोडे ट्रॅक झाले त्यांच्यावर आज टू-व्हीलर चालतात, गाड्या लागतात, स्टॉल आहेत, मध्येच झाड नाहीतर विजेचा डीपी बॉक्स येतो आणि ट्रॅक संपतो. सायकल ट्रॅकवर मोटारगाडी चालवायला कायद्याने आधीपासूनच मनाई आहे, नवीन काही करायला नको, फक्त टोइंगची गाडी तिकडेही फिरवायची. ट्रॅक मोकळा नसतो म्हणून आम्ही रस्त्यावर येतो, आणि मग गाडीवाले विचारतात की ट्रॅक दिलाय ना, इथे कशाला? भांडणाचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं साहेब, दोघांनाही वाटतं समोरच्याने आपली जागा खाल्ली.

आणि जमत नाही असं तर म्हणूच नका. जानेवारी २०२६ मध्ये १९ ते २३ तारखेला पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय रेस. त्याआधी रस्ते रात्रंदिवस काम करून चकाचक झाले, झाकणं रस्त्याच्या पातळीत आली, रेसच्या वेळी गाड्या थांबवल्या आणि लोकं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवायला उभी होती, त्यात रोज हॉर्न मारणारेही असतील. मला भरून आलं होतं ते बघून, खरंच सांगतो. तो पाच दिवसांचा मान रोजच्या सायकलवाल्याला नको आहे, त्याला पातळीतली झाकणं आणि दीड मीटर एवढंच हवंय.

शेवटची विनंती. हे नियम अंतिम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, कायद्यातच तसं आहे. तो मसुदा सोप्या मराठीत काढा, आणि सुनावणी फक्त मंत्रालयात सकाळी अकराला ठेवू नका, कारण त्या वेळी सायकल चालवणारा माणूस कामावर असतो. चाकणला, बुटीबोरीला, अंबड-सातपूरला शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर टेबल टाका, आणि शाळांमधून त्या मुलींनाही विचारा की त्यांना कुठल्या वळणावर भीती वाटते. मी माझ्या ओळखीच्यांना घेऊन येईन, कारवालेही आणीन, त्यांनाही बरंच बोलायचंय.

आपला,
एक पुणेकर, कोथरूड