मारुतीचा नवा रेडिएटर

प्रिय गड्या,

गाडी भंगारात देऊ नको. ती तापते म्हणून मोडीत देतो, ही पत्रातली तुझी ओळ वाचली आणि लगेच लिहायला बसलो. तुझी आणि माझी, दोन्ही जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००. ते ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन थंड राखलं तर अजून कितीतरी वर्षं चालेल. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत आपल्याकडच्या प्रत्येक तालुक्यातल्या मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलाय. असं वाहन मोडीत घालायचं आणि हप्त्यावर दुसरं आणायचं, हे मला पटत नाही.

मी अॅल्युमिनियमचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी, बसवला तो हौसेनं नाही. आईला दर महिन्याला सेवाग्रामला न्यावं लागतं. तपासणीची तारीख ऊन बघून मिळत नाही, आणि मे महिन्यात इकडे पारा ४५-४६ ला टेकतो. रेल्वे फाटकात गाडी थांबली, तापमानाचा काटा वर सरकतोय, मागच्या सीटवर आई पदरानं वारा घेतेय, हे मला पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

पण रेडिएटर मागवण्याआधी दुखणं ओळख. तू लिहितोस, रस्त्यानं धावताना काटा जागेवर असतो आणि बाजारात उभी राहिली की चढतो. याचा अर्थ हवा कमी पडतेय: पंखा उशिरा लागत असेल, हळू फिरत असेल किंवा जाळी चोंदली असेल. याउलट, गाडी पळताना काटा चढत असता तर आतल्या नळ्या क्षारानं भरल्या असं म्हटलं असतं. आणि एक तपासणी चुकवू नको. गाडी थंड असताना रेडिएटरचं टोपण काढ, इंजिन सुरू कर आणि तोंडात बघ. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचं सील, गेलंय. मग सोन्याचा रेडिएटर लावला तरी उपयोग नाही.

माझा जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. गळती बुजवायला त्याला शिशाचे इतके डाग (झाळ) मारून झाले होते की खालच्या टाकीवर मूळ धातू दिसेना. विहिरीचं पाणी घातलेलं, आणि आपल्या काळ्या जमिनीखालचं पाणी किती जड असतं हे चहाच्या भांड्याच्या बुडाकडे बघून कळतंच. तोच पांढरा थर नळ्यांत बसतो.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तांब्यासारखं थंड अॅल्युमिनियम करते का कधी?" प्रश्न बरोबर आहे. तांब्याची उष्णता वाहण्याची ताकद (वॅट प्रति मीटर प्रति अंश या मापात) ४०० च्या घरात आणि अॅल्युमिनियमची २३५ च्या आसपास. पण जुन्या रेडिएटरात फक्त पंख, म्हणजे नळ्यांना जोडलेले पातळ पत्रे, तांब्याचे असतात. पाणी ज्या नळ्यांतून जातं त्या पितळेच्या, आणि पितळ या बाबतीत अॅल्युमिनियमच्याही मागे. त्यात नळी आणि पंख यांच्यामध्ये शिशाचा डाग, तो आणखी मंद. अॅल्युमिनियमची नळी रुंद करता येते, पंख तिला भट्टीत थेट जोडले जातात, आणि धातू हलका म्हणून जाडजूड कोअरचंही (नळ्या-पंखांच्या गाभ्याचंही) ओझं होत नाही. खरा फायदा या बांधणीचा आहे.

जाड कोअरची दुसरी बाजूही ध्यानात ठेव. कोअर जाड तितकी हवा ओढायला पंख्याला जोर जास्त लागतो. अशक्त पंख्यामागे जाड रेडिएटर लावला तर फाटकात गाडी पहिल्याइतकीच तापेल. म्हणून मी फार जाड घेतलाच नाही. जुन्यापेक्षा थोडा जाड, एवढ्यावर थांबलो. पंखा नवा बसवला, त्याला बॅटरीकडून वेगळी जाड वायर आणि रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) दिला, आणि हवा इंजिनाकडे ओढली जाते ना, ते कागदाचा कपटा जाळीसमोर धरून पाहिलं. उलट्या जोडणीचा पंखा फिरताना दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पंखा कोअरमधून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू देऊ नको, हादऱ्यानं त्या नळ्या घासून फोडतात. त्याला स्वतःची चौकट हवी.

बसवण्यात सगळ्यात जास्त वेळ रेडिएटर धरणाऱ्या पट्ट्यांनी खाल्ला. "८०० चा आहे" असं सांगून मिळालेल्या रेडिएटरची भोकं आपल्या गाडीच्या भोकांशी जुळतीलच असं नाही. माझी खालची जुळली, वरची सरकलेली होती. रेडिएटरला भोक पाडायचं नाही आणि ओढून-ताणून बोल्ट आवळायचा नाही, कारण आपल्या रस्त्यांवर बॉडी पिळते आणि तो पीळ टाकीच्या जोडावर जातो. वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पट्टी वाकवून घेतली, तिला लांबट भोक ठेवलं आणि चारही ठिकाणी रबरी बुश घातले. रबर दोन कामं करतं. हादरा पितं, आणि लोखंड व अॅल्युमिनियम एकमेकांना भिडू देत नाही. भिडले आणि ओल लागली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

मग कडेच्या फटी. मिस्त्री त्यांना फारसं मोजत नाहीत, माझ्या मते मात्र निम्मं काम तिथे आहे. पाट फुटला की पाणी वाफ्यात न जाता बाहेर जातं, तसंच हवेचं. रेडिएटरच्या बाजूला बोटभर फट राहिली की हवा कोअर सोडून तिथून निघते. मी दरवाज्याचं स्पंज रबर कापून सगळ्या कडा बंद केल्या.

जोडणी झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "थर्मोस्टॅट कायले ठेवता? काढून फेका, झंझट नाही." मी ठाम नाही म्हणालो. इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप ती. मोकळी वाट मिळाली की इंजिन पुरतं तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि जानेवारीच्या पहाटे चोक ओढूनही धड चालत नाही. माझा थर्मोस्टॅट मी पातेल्यात पाणी तापवून पाहिला होता. ८२ अंशांच्या सुमारास उघडायला लागला. चांगला असेल तर तो शत्रू नाही. होज पाईप, क्लिपा आणि टोपण मात्र नवंच घाल. ०.९ बार दाब धरणारं टोपण चांगलं असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर मेलं की ते शंभरालाच उकळणार. आणि गरम असताना टोपण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

पाण्याबद्दल तुला हात जोडून सांगतो: विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अॅल्युमिनियममध्ये घालू नको. त्यातले क्षार त्याला आतून भोकं पाडतात. मी बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर दोन हिस्से आणि चांगला कूलंट एक हिस्सा असं घातलं. आपल्याकडे काही पाणी गोठत नाही. कूलंट हवा तो गंज थांबवायला आणि उकळबिंदू थोडा वर न्यायला. तो फार वाढवला तर उलट उष्णता कमी वाहून नेतो. भरताना गाडीचं तोंड चढावर कर, टोपण उघडं ठेव, हीटर असला तर गरमवर फिरव, आणि वरचा होज हळूहळू दाबत हवा बाहेर काढ. शेवटी मल्टिमीटर: काळी तार बॅटरीच्या उण्यावर, लाल पाण्यात बुडवून. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. जास्त आलं तर कुठेतरी अर्थिंग बिघडलंय आणि ती वीज पाण्यातून वाट काढतेय. माझ्या इंजिनाची अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती, ती बदलली.

आता नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला. ऐन दुपारी आईला नेऊन आणलं. फाटकात मालगाडी जाईपर्यंत थांबलो, पंखा लागला, काटा निम्म्याच्या खाली राहिला. आईनं विचारलं, "आज गाडीले थांबवून पाणी नाई पाजलं का?" मला केवढं बरं वाटलं ते तुला कळेल.

एक काम मात्र दरवर्षी करावं लागेल. सोयाबीन निघालं की कुटार (भुसा) हवेत उडतं आणि जाळीत जाऊन बसतं. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं धू. सर्व्हिसिंगवाल्याची जोराची धार पंख वाकवते.

तू आता एवढं कर: कोअरची उंची, रुंदी आणि जाडी, वरच्या-खालच्या पाईपचा व्यास, आणि कोअरपासून इंजिनापर्यंत मोकळी जागा किती, हे मोजून मला लिहून पाठव. पुढच्या आठवड्यात मला नागपूरला जायचंच आहे, दुकानात उभा राहून मापं जुळवून घेईन. बसवायला मी स्वतः येतो. पट्ट्या तिथेच वाकवू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
हिंगणघाटकडचा तुझा जुना सोबती